ध्वनीच्या सीडीची नक्कल : एका आज्ञावलीची पारख

सीडीवरील गाणे संगणकात घेणे म्हणजे निव्वळ नक्कल, असे आपण समजतो. प्रत्यक्षात माहितीच्या सीडीवर २३५२ बाइटच्या खंडात माहिती २०४८ बाइटच असते. उरलेली बरीचशी जागा चूक दुरुस्तीसाठी राखलेली असते. ध्वनीच्या सीडीवर ही जादा तटबंदी नाही. मोठ्या ओरखड्यापाशी प्लेअर हरवलेले आकडे अंदाजाने भरतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आंद्रे वीथॉफ यांची ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ (१९९८) येथेच उपयोगी पडते. ती प्रत्येक खंड किमान दोनदा वाचते, न जुळल्यास पुनःपुन्हा वाचते आणि शंकास्पद जागा सांगते. हा प्रामाणिकपणा मोलाचा. मात्र तिची मांडणी किचकट आहे. शिवाय इतरांच्या नकलांशी ताळा पाहण्याची सोय बाजारात खपलेल्या सीडींपुरतीच. सणसरच्या एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनाची एकुलती एक सीडी भरून ठेवली असेल, तर ताळा कोणाशी पाहणार? तिथे दोनदा नक्कल करून स्वतःच पडताळावे. उशीर मात्र नको. घरी भरलेल्या सीडीतील रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने खराब होते.

साठवणीसाठी २००१ चे ‘फ्लॅक’ उत्तम. मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट लागणारा ध्वनी ते बहुधा निम्म्याच्या आसपास आणते आणि उलगडल्यावर प्रत्येक आकडा परत देते. पण एमपी३ चे फ्लॅक केल्यास गेलेले परत येत नाही. पाणी घातलेले दूध चांदीच्या भांड्यात ओतले, म्हणून पाणी थोडेच निघून जाते?