समावेशक शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण : प्रवेश व सहभाग यांतील अंतर – एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : दिव्यांग विद्यार्थी, समावेशक शिक्षण, वाजवी सोयीसुविधा, व्यवसाय प्रशिक्षण, शिल्पनिदेशक.

प्रस्तावना :
दिव्यांग विद्यार्थ्यांना सर्वसामान्य शाळेत शिकता यावे, हा विचार आपल्याकडे नवीन नाही. कोठारी आयोगाने (1964-66) त्याची शिफारस केली होती. 1974 मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. 1995 च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार 21 पर्यंत वाढविले. तरीही 2011 च्या जनगणनेनुसार देशातील 2.68 कोटी दिव्यांग व्यक्तींपैकी जवळपास 45 टक्के निरक्षर होत्या. धोरणांची कमतरता नसताना असे का व्हावे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. शाळा व व्यवसाय प्रशिक्षण यांच्या सांध्यावर हे धोरण कोठे तुटते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेची चिकित्सा :
'एकात्मिक' आणि 'समावेशक' हे शब्द आपल्या परिपत्रकांतून व भाषणांतून बहुधा समानार्थी म्हणून वापरले जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. एकात्मिक शिक्षणात विद्यार्थ्याने व्यवस्थेशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. समावेशक शिक्षणात व्यवस्थेने विद्यार्थ्याशी जुळवून घ्यावयाचे असते. 1994 च्या सालामांका घोषणापत्राने हीच भूमिका मांडली. 2016 च्या कायद्यातील व्याख्येतही दोन अटी आहेत : दिव्यांग व अन्य विद्यार्थ्यांनी एकत्र शिकावे आणि अध्यापनपद्धतीत त्यानुसार योग्य ते बदल व्हावेत. आपण पहिली अट हजेरीपटावर पूर्ण करतो. दुसरीची नोंद करण्यासाठी आपल्याकडे रकानाच नाही. त्यामुळे प्रवेशालाच समावेशन समजण्याची चूक होते.

शालेय स्तरावरील वास्तव :
सामान्य शाळांतील विशेष शिक्षकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2021 मधील निर्णयानंतर 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दर 10 आणि त्यापुढील स्तरावर दर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण निश्चित झाले. तथापि, राज्यांनी त्यानुसार पदे मंजूर करावीत म्हणून न्यायालयाला 2025 मध्ये पुन्हा निर्देश द्यावे लागले. हक्क कायद्यात असूनही त्यासाठीचे मनुष्यबळ न्यायालयाच्या दारातून यावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

प्रशासकीय विभागणी हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात सामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दीर्घकाळ सामाजिक न्याय विभागाकडे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था कौशल्य विकासाच्या यंत्रणेकडे राहिल्या. 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र एका विभागातून दुसऱ्या विभागाच्या संस्थेत जाताना विद्यार्थ्याच्या गरजांची माहिती त्याच्यासोबत जाण्याची खात्रीशीर व्यवस्था नाही. दहा वर्षे ज्याला ठळक अक्षरांतील पाठ्यसाहित्य मिळाले, त्याला अकराव्या वर्षी आपले दृष्टिदोषाचे प्रमाणपत्र घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सवलत आणि अडसर :
माध्यमिक शालान्त परीक्षेत अतिरिक्त वेळ व लेखनिक या सुविधा न्याय्यच आहेत, कारण त्यांत विद्यार्थी तोच अभ्यासक्रम वेगळ्या मार्गाने पूर्ण करतो. परंतु काही प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना बीजगणित व भूमितीऐवजी खालच्या इयत्तेच्या स्तराचे अंकगणित घेण्याची जी सवलत मिळत आली, तिचे स्वरूप भिन्न आहे. जोडारी, वीजतंत्री यांसारख्या व्यवसायांच्या प्रवेशासाठी दहावीला गणित व विज्ञान असणे अपेक्षित असते. उत्तीर्ण होण्यासाठी दिलेली सवलत अशा वेळी पुढील दार बंद करू शकते. सवलत स्वीकारताना पालकांना तिचे परिणाम कोणी समजावून सांगतो काय, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात असे पालक हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

व्यवसाय प्रशिक्षणातील प्रश्न :
2016 च्या कायद्यातील कलम 19 नुसार मुख्य प्रवाहातील सर्व व्यवसाय प्रशिक्षण योजनांत दिव्यांग व्यक्तींचा समावेश अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेच्या अभ्यासक्रमांत प्रत्येक व्यवसायापुढे तो कोणत्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी योग्य आहे, याची सूची दिलेली असते. सुरक्षिततेचा विचार करता अशी सूची निरर्थक म्हणता येणार नाही. पण ती प्रवर्ग पाहते, व्यक्ती पाहत नाही. एकाच प्रवर्गातील दोन विद्यार्थ्यांची क्षमता सारखी नसते. वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, केवळ दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून विद्यार्थ्यास अपात्र ठरविता येत नाही; तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल किंवा नाही, हे तपासले पाहिजे. जो न्याय भावी डॉक्टरला, तोच भावी कातारी कारागिराला का नसावा?

प्रवेशानंतरचा प्रश्न कार्यशाळेत उभा राहतो. लेथ यंत्रावर प्रात्यक्षिक दाखविताना शिल्पनिदेशक बहुधा यंत्राकडे पाहत बोलतो. ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याला एका वेळी निदेशकाचे ओठ आणि हात दोन्ही पाहता येत नाहीत. तो कृती पाहतो, तेव्हा कारण निसटते. आधी सांगणे, मग मूकपणे करून दाखविणे आणि शेवटी विद्यार्थ्याकडून करवून घेणे, एवढ्या क्रमबदलाने ही अडचण बरीच कमी होते. धोक्याच्या भोंग्यासोबत दिवा लावणे आणि कृतीचे टप्पे चित्रांसह भिंतीवर लावणे, यांसाठीही फारसा खर्च येत नाही. विशेष म्हणजे या बदलांचा लाभ मागच्या रांगेतील प्रत्येक विद्यार्थ्याला होतो. परंतु शिल्पनिदेशकाला असे प्रशिक्षण अभावानेच मिळते आणि त्याच्यावर दोष ठेवून व्यवस्था मोकळी होते.

आक्षेपांचा विचार :
'सर्वच विद्यार्थ्यांना सामान्य वर्गात बसविणे हिताचे नाही', हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. कर्णबधिर बालकाला सुरुवातीच्या वर्षांत सांकेतिक भाषा बोलणारा समूह लाभणे आवश्यक असते आणि तो बहुधा विशेष शाळेतच मिळतो. कलम 19 मध्येही बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता इत्यादींसाठी बाजारपेठेशी जोडलेल्या स्वतंत्र प्रशिक्षणाची तरतूद आहे. म्हणजेच विशेष व्यवस्था ही समावेशनाची विरोधक नाही. ती परतीचा मार्ग नसलेली कोठडी बनली, तर मात्र विरोधक ठरते. मेणबत्त्या व कागदी पिशव्या यांपलीकडे न जाणारे प्रशिक्षण हे त्याचे परिचित उदाहरण होय.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आपल्याकडे समावेशनाचे मोजमाप प्रवेशसंख्येने होते, सहभागाने होत नाही. विद्यार्थ्याच्या गरजांची नोंद शाळेतून प्रशिक्षण संस्थेपर्यंत त्याच्यासोबत जावी, प्रत्येक सवलतीचा पुढील परिणाम पालकांना लेखी सांगितला जावा, व्यवसायनिहाय सूचीऐवजी व्यक्तिनिहाय क्षमतेचा विचार व्हावा आणि शिल्पनिदेशकांच्या प्रशिक्षणात समावेशक अध्यापनाचा अंतर्भाव व्हावा, अशा चार अपेक्षा येथे नोंदवाव्याशा वाटतात. यांपैकी एकही अपेक्षा नव्या कायद्याची मागणी करीत नाही. ज्या वर्गात विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्या वर्गात तो खरोखर शिकत आहे काय, एवढेच विचारण्याची तयारी संस्थांनी आणि आपण अध्यापकांनी ठेवणे गरजेचे आहे.