‘खोलीचे उष्णमान’ : एका नियमाची चिकित्सा

जॉर्ज सेंट्सबरी (१८४५–१९३३) यांचे नाव इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे ते त्यांच्या साहित्यटीकेच्या त्रिखंडात्मक इतिहासामुळे. एडिंबरो विद्यापीठातील अध्यापनातून १९१५ साली निवृत्त झालेल्या या पंडिताने १९२० मध्ये ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’ हे आपल्या तळघरातील मद्यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रसिकतेचे नियम परमुलखात नेले असता त्यांचे काय होते, हे या पुस्तकाच्या निमित्ताने पाहण्याजोगे आहे.

सेंट्सबरींची रुची चोखंदळ व स्मरण दांडगे. बाटल्या, पेले आणि तळघराची मांडणी यांवरही त्यांनी आवडीने लिहिले आहे. मात्र या साऱ्या रसिकतेमागे एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे थंड देशातील घर. त्याच देशांतून ‘तांबडे द्राक्षमद्य खोलीच्या उष्णमानास द्यावे’ हा नियम जगभर पसरला. ती खोली युरोपातील, घरभर कृत्रिम उष्णता खेळविण्याची सोय होण्यापूर्वीची; तिचे उष्णमान सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस. आज नाशिकच्या परिसरात द्राक्षमद्य तयार होते आणि मुंबई-पुण्याच्या घरांतून पाहुण्यांपुढे येते. मे महिन्यात येथील खोली ३० अंशांच्या वर जाते. तेथे हा नियम अक्षरशः पाळणारा यजमान नियमाचा हेतूच मोडतो. कारण मद्य तापले की त्यातील मद्यार्काचा उग्र दर्प पुढे येऊन फळाचा सुगंध लोपतो. उलटपक्षी अतिशय गार केल्यास सुगंध मुका होतो व तांबड्या मद्याचा तुरटपणा तेवढा जाणवतो.

यास्तव आमच्याकडे तांबडे मद्य देण्यापूर्वी अर्धा तास शीतकपाटात ठेवणे, आणि पांढरे तेथून काढून १० ते १५ मिनिटांनी देणे, हेच मूळ नियमाशी इमान राखणे होय. पांढऱ्यास ८ ते १२ अंश पुरेत. फेसाळ मद्यास याहून थोडे कमी.

साठवणीचेही तेच. १२-१३ अंशांचे स्थिर उष्णमान, अंधार आणि आडवी बाटली, म्हणजे बूच ओले राहते. उष्णतेने द्रव प्रसरण पावून बुचास रेटतो, निवताना आकुंचन पावून बाहेरची हवा आत ओढतो, आणि त्या हवेने मद्य बिघडते. म्हणून चुलीजवळची फळी सर्वांत वाईट. लोणच्याची बरणी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणाऱ्या आमच्या आज्यांस यातील निम्मे शास्त्र कोणी शिकविले नव्हते.

सेंट्सबरींचे पुस्तक वाचनीय आहे, पण आठवणींत रमल्यामुळे ते कारणांच्या मुळाशी क्वचितच जाते. अनुकरण करणाऱ्यास नेमकी कारणेच हवी असतात. ग्रीक शोकांतिकेविषयी अरिस्टॉटलने नोंदविलेल्या निरीक्षणांचे पुढील टीकाकारांनी कडक नियम बनविले आणि पुष्कळ नाटककारांस वृथा जाचले. आमच्या साहित्यचर्चेतही पाश्चात्त्य संज्ञा अशाच, कारणांवाचून, येतात. त्या परत पाठवाव्या असे आम्ही म्हणत नाही. त्या कोणत्या खोलीत जन्मल्या, हे आधी विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.