'स्मोक': सिगारचं दुकान आणि न विचारलेला प्रश्न

पीएचडीला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात माझ्या गाइडनी मला एक सिनेमा पाहायला सांगितला. "मेथडॉलॉजीची पुस्तकं कुठे जात नाहीत, आधी हा बघ," असं सर म्हणाले. सिनेमा होता 'स्मोक', १९९५ सालचा. मी पाहिला, भारावून गेले आणि त्यातून नेमका अर्धवट धडा घेऊन फील्डवर गेले. ती चूक निस्तरायला जवळजवळ वर्ष गेलं. तुमच्यापैकी अनेकजण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, काहींची प्रश्नावली तयार होत असेल. म्हणून या सिनेमाची ही जरा उशिरा लिहिलेली समीक्षा खास तुमच्यासाठी.

आधी सिनेमाविषयी थोडं. कथा-पटकथा पॉल ऑस्टर या अमेरिकन कादंबरीकाराची, दिग्दर्शन वेन वँग यांचं. मुळात ऑस्टरने २५ डिसेंबर १९९० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये नाताळची एक छोटी गोष्ट लिहिली होती, त्यातून हा सिनेमा उभा राहिला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात एका कोपऱ्यावर सिगारचं दुकान आहे. मालक दुसराच, पण दुकान सांभाळतो ऑगी रेन (हार्वी कायटेल). दुकान म्हणजे आपल्याकडच्या पानटपरीसारखाच अड्डा. रिकामटेकडी मंडळी गप्पा हाणत उभी, काउंटरवर येणारा-जाणारा सुरू. त्यात नेहमीचं एक गिऱ्हाईक म्हणजे पॉल बेंजामिन (विल्यम हर्ट), बायको गेल्यापासून लिहिणं आटलेला लेखक. तो येतो, छोट्या सिगारचे दोन डबे घेतो आणि जातो.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. ऑगी रोज सकाळी बरोबर आठ वाजता दुकानासमोर कॅमेरा लावतो आणि त्याच कोपऱ्याचा एकच फोटो काढतो. ऊन असो, बर्फ असो, सुट्टी नाही. असे चार हजारांवर फोटो अल्बममध्ये तारीखवार लावलेत. पॉल भराभर पानं उलटतो, त्याला सगळे फोटो सारखेच वाटतात. ऑगी त्याला हळू बघायला सांगतो: कोपरा तोच, पण ऊन वेगळं, ऋतू वेगळा, माणसं वेगळी. पॉल सावकाश बघू लागतो आणि एका फोटोत त्याला त्याची मेलेली बायको रस्त्याने जाताना दिसते. तो रडायला लागतो.

संशोधनाच्या नजरेने बघा, किती सुंदर डिझाइन आहे! जागा पक्की, वेळ पक्की, त्यामुळे जे बदलतं तेच उठून दिसतं. मी यातून धडा घेतला तो असा: रोज जा, एकाच जागी बस, सगळं टिपून ठेव, अर्थ आपोआप वर येईल.

माझा विषय होता कृषी सेवा केंद्रातला सल्ला. शेतकरी दुकानात येतो तेव्हा कुठलं औषध घ्यायचं हे नेमकं कोण आणि कसं ठरवतं? मी तालुक्याच्या गावी एका दुकानात चार महिने रोज सकाळी रजिस्टर घेऊन बसले. मग प्रश्नावली भरून घेतली. 'कीटकनाशक निवडताना तुम्ही कोणते निकष वापरता?' आणि खाली एक ते पाच गुणांचे रकाने. किंमत, कंपनी, परिणामकारकता, सुरक्षितता. जवळजवळ प्रत्येकाने सगळीकडे चार किंवा पाचवर खूण केली. सरांनी गठ्ठा चाळला आणि एवढंच विचारलं, "हे फॉर्म शेतकऱ्यांनी भरलेत की तू?"

त्या रात्री मी 'स्मोक' पुन्हा पाहिला, आणि पहिल्या वेळी हातातून निसटलेली एक गोष्ट दिसली.

अल्बमचा प्रसंग येण्याच्या आधी काउंटरवर एक प्रसंग आहे. पॉल दुकानातून निघून गेल्यावर ऑगी बाकीच्यांना त्याच्या बायकोबद्दल सांगतो. ती गरोदर होती. दुकानातून बाहेर पडली आणि रस्त्यावरच्या गोळीबारात सापडली. ऑगीच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिलीय: तिने त्या दिवशी नेमके सुटे पैसे दिले नसते किंवा दुकानात जरा गर्दी असती, तर तिला बाहेर पडायला काही सेकंद जास्त लागले असते, आणि ती कदाचित वाचली असती.

आता नीट विचार करा. अल्बममधल्या त्या फोटोला अर्थ कुठून आला? कॅमेऱ्यातून नाही. काउंटरवर ऑगीने जे पाहिलं, ऐकलं, देवघेव करताना ज्याची नोंद मनात ठेवली, त्यातून आला. ते नसतं तर चार हजार फोटोंतली ती रस्त्याने जाणारी आणखी एक बाई. आणि गंमत म्हणजे ऑगीचा कॅमेरा कायम दुकानाच्या बाहेर असतो. सगळ्यात महत्त्वाची माहिती घडते काउंटरवर, आणि तिचा एकही फोटो नाही. आम्हा संशोधकांना अल्बम आवडतो कारण तो आमच्या एक्सेल शीटसारखा दिसतो. काउंटर मात्र आम्ही विसरतो.

इथपर्यंत सिनेमाचं कौतुक. आता तक्रार. ती मला माझी सुचली नाही, एका दुकानदाराने सुचवली.

माझ्या मावशीचे दीर न्यू जर्सीत गेली बरीच वर्षं सिगारचं दुकान चालवतात. वस्तीतलं छोटं दुकान, मागे काचेची एक खोली. तिला ह्युमिडॉर म्हणतात. आत हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. कमी झाली की सिगार वाळून तडकते, जास्त झाली की फुगते, बुरशी धरते. ('स्मोक'मध्ये ऑगीने चोरून विकायला आणलेले क्युबन सिगारचे खोके दुकानात पोरगा नळ चालू ठेवतो म्हणून भिजतात आणि पाच हजार डॉलर पाण्यात जातात. काकांना सिनेमातला तेवढा भाग अगदी पटला.) मी त्यांना व्हिडिओ कॉलवर विचारलं, सिनेमा कसा वाटला? म्हणाले, "छान आहे गं. पण त्यात नवं गिऱ्हाईक कुठाय? सगळे रोजचेच. रोजच्याला सिगार द्यायला अक्कल लागत नाही, हात आपोआप खोक्याकडे जातो. दुकानदाराची परीक्षा नवखा माणूस आला की होते."

अगदी खरं आहे. सिगारच्या दुकानावर इतका जीव लावलेल्या या सिनेमात नवख्याला सिगार निवडून देण्याचा लक्षात राहील असा एकही प्रसंग नाही. ऑगीकडे ज्ञान आहे हे आपण गृहीत धरतो, ते काम करताना दिसत नाही.

मग काका नवख्या माणसाशी काय बोलतात? मी तासभर तेच विचारत बसले.

नवखा येतो तो बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घेऊन. एक, "काहीतरी लाइट द्या." दुसरी, मोबाइलवर कुठेतरी पाहिलेले गुण. १९९२ साली सुरू झालेल्या 'सिगार अफिशिनाडो' या मासिकाने शंभरपैकी गुण द्यायची पद्धत रूढ केली, त्यामुळे लोक पंच्याण्णव गुणांची सिगार मागतात. काका म्हणतात, ते गुण दुसऱ्याच्या जिभेचे. आणि 'लाइट' म्हणजे काय हे नवख्याला सांगता येत नाही. तो रंग बघतो. बाहेरचं पान गडद म्हणजे सिगार कडक, फिकट म्हणजे सौम्य, असा त्याचा समज. प्रत्यक्षात गडद रंग बराचसा पान जास्त काळ मुरवल्यामुळे येतो, आणि अशी सिगार पुष्कळदा गोडसर लागते. कडकपणा मुख्यतः आतल्या भरावावर ठरतो. रोपाच्या शेंड्याकडची, उन्हात वाढलेली पानं त्यात जास्त असली की सिगार डोक्यात जाते. दुसरा समज बारीक सिगार सौम्य असते हा. बारीक सिगार भराभर ओढली की गरम होते आणि तोंड पोळल्यासारखं होतं.

आता इथे लक्ष द्या. काका नवख्याला 'तुम्हाला कुठली चव आवडते?' असं कधीच विचारत नाहीत. "तो काय सांगणार? तुलना करायला त्याच्याकडे दुसरी सिगारच नाही." ते तीन प्रश्न विचारतात. जेवून आलात का? हातात वेळ किती आहे? कॉफी कशी घेता?

पहिला प्रश्न कारण उपाशीपोटी निकोटिनने गरगरतं, मळमळतं. दुसरा प्रश्न म्हणजे सिगारचं माप. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात. 'रोबुस्टो' म्हणजे साधारण ५ इंच लांब आणि ५० जाडीची, तिला पाऊण ते एक तास लागतो. सात इंची 'चर्चिल' दीड तासापर्यंत जाते. गिऱ्हाइकाला मापं माहीत नसतात, पण आज संध्याकाळी आपल्याला वेळ किती आहे हे पक्कं माहीत असतं. तिसरा प्रश्न चवीचा. कॉफी काळी घेतो की दूध-साखर घालून, यावरून कडवटपणा किती झेपेल याचा अंदाज येतो. खर्चाचं तर विचारतच नाहीत. स्वतःच आधी स्वस्तातली दाखवतात, म्हणजे माणसाला लाज वाटत नाही. जाताना सांगतात: टोकाची टोपी जराशीच कापा, धूर छातीत घेऊ नका, मिनिटाला एक झुरका पुरे, नको वाटली तर अर्धवट टाकून द्या. आणि सिगारवरची कागदी पट्टी पुढच्या वेळी घेऊन या.

माझी प्रश्नावली कुठे फसली ते मला तेव्हा कळलं. 'निकष' हा माझा शब्द होता. शेतकऱ्याच्या दिवसात निकष नावाची गोष्टच नाही. मी त्याला माझ्या संकल्पनेचं भाषांतर करायला लावत होते, आणि तो सौजन्याने चार-पाचवर खुणा करत होता. संकल्पना आपल्याकडे ठेवायची. प्रश्न असा विचारायचा की ज्याचं उत्तर समोरच्याच्या आयुष्यात आधीपासून आहे. भाषांतराचं काम संशोधकाचं, उत्तर देणाऱ्याचं नाही.

मी प्रश्न बदलला. 'शेवटच्या वेळी दुकानात गेलात तेव्हा हातात काय होतं?' एवढाच. कुणी रोगट पान नेलं होतं, कुणी शेजाऱ्याकडची रिकामी बाटली, कुणी मोबाइलवर फोटो, कुणी काहीच नाही. पान नेणाऱ्याशी दुकानदार रोगाबद्दल बोलतो, बाटली नेणाऱ्याला मुकाट्याने तीच बाटली देतो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे.

पण काकांची पद्धतही डोळे झाकून घेऊ नका. त्यांचा अनुभव परत आलेल्या गिऱ्हाइकांवर उभा आहे. ज्याला पहिल्याच दिवशी ओकारी झाली तो पट्टी घेऊन परत येत नाही, म्हणजे चुकलेल्या सल्ल्यांची नोंदच राहत नाही. ही सॅम्पलची जुनीच अडचण. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. काका सहज म्हणाले, "पहिली चांगली गेली की माणूस परत येतो." या वाक्यात आपुलकी आहे आणि धंदाही आहे. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारने तोंडाचा, घशाचा कर्करोग होतो, हे त्यांना माहीत आहे. म्हणजे प्रश्न उत्तम विचारता येणं आणि प्रश्न चांगल्या कारणासाठी विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपणही उत्तर देणाऱ्याशी गोड बोलतो, चहा घेतो, कारण आपल्याला प्रबंध हवा असतो. त्याला काय मिळतं?

सिनेमा या प्रश्नाला बगल देत नाही, हे त्याचं मोठेपण. शेवटी ऑगी पॉलला नाताळची गोष्ट सांगतो ती जेवणाच्या बदल्यात. गोष्ट खरी की रचलेली, हे पॉलला ठरवता येत नाही. आणि त्या गोष्टीनुसार ऑगीचा तो कॅमेरा एका आंधळ्या म्हातारीच्या घरातून उचललेला आहे, जिथे तो आधीच चोरीचा माल म्हणून पडला होता. चार हजार फोटोंच्या मुळाशी ही उचलेगिरी, आणि फोटोतल्या कुणाचीही संमती नाही. एथिक्स कमिटीला हा सिनेमा दाखवायला हवा!

आणखी एक प्रसंग नक्की बघा. पॉल दुकानात सर वॉल्टर रॅलेचा किस्सा सांगतो: आधी अख्ख्या सिगारचं वजन करायचं, मग ओढून राख आणि थोटूक तोलायचं. फरक म्हणजे धुराचं वजन. ऐकायला फार सुंदर, पण हिशेब चुकीचा. जळताना हवेतला ऑक्सिजनही मिसळतो, म्हणजे धूर त्या फरकापेक्षा जड असणार. वजाबाकी करून उरेल त्याला आपल्या आवडीचं नाव देऊ नका, एवढा धडा पुरे.

तर 'स्मोक' दोनदा बघा. पहिल्यांदा अल्बमसाठी, दुसऱ्यांदा काउंटरसाठी. मग तुमच्या प्रश्नावलीतला सगळ्यात आवडता प्रश्न काढा आणि त्यातला तुमच्या विषयाचा शब्द खोडा. तो शब्द गेल्यावरही प्रश्न उभा राहतो का? नसेल राहत, तर फॉर्म छापायला टाकू नका. माझा दीडशे फॉर्मचा गठ्ठा अजून कपाटात आहे. झेरॉक्सचे पैसे मीच भरले होते.