चौकटीत आलेली खिडकी

हौशी छायाचित्रकाराकडे आपण कौतुकाने पाहतो. पण त्याची समीक्षा करावी असे आपल्याला सहसा वाटत नाही. बाप्तिस्मा, लग्न, गावचा सण, एखादी सहल एवढाच त्याचा प्रांत, अशी आपली समजूत असते. शहराचे जीवन आणि इतिहासाचे क्षण टिपणे हे वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचे काम, असे आपण धरून चालतो. या समजुतीला धक्का देणाऱ्या एका फिल्मविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. ती पोलंडमधील वॉर्सा शहरातली आहे. पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. ज्या १९४३ साली ही छायाचित्रे काढली गेली, त्याच साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत वसू लागली होती.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्सातील यहुद्यांना भिंतीआड कोंडले. साडेतीन चौरस किलोमीटरांहून कमी जागेत चार लाखांहून अधिक माणसे भूक आणि रोगराई यांच्या हवाली झाली. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील अडीच लाखांहून अधिक लोकांना आगगाड्यांत भरून त्रेब्लिंका येथील संहारछावणीत पाठविण्यात आले. उरलेल्यांना नेण्यासाठी सैन्य गेटोत शिरले तो दिवस १९ एप्रिल १९४३, सोमवार. यहुद्यांच्या वल्हांडण सणाची ती पूर्वसंध्या होती. आणि ख्रिस्ती लोकांचा तो पवित्र सप्ताह होता. आतल्या तरुणांनी मूठभर शस्त्रांनिशी उठाव केला. तो मोडण्यासाठी जर्मनांनी एकामागून एक घरे पेटवून दिली. २५ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार उजाडला, तेव्हा वॉर्सातील भाविक मिस्सेला जात होते आणि भिंतीपलीकडून धूर वर चढत होता.

ही आग भिंत ओलांडून इतरांच्या घरांपर्यंत पोहोचू नये, म्हणून शहराच्या अग्निशमन दलाला गेटोत नेण्यात आले. त्या दलात झ्बिग्न्येव ग्झिवाचेव्स्की नावाचा २३ वर्षांचा तरुण होता. जवळजवळ चार आठवडे तो आत जात-येत होता. त्याने लपवून कॅमेरा आत नेला आणि ठरवून दिलेल्या कामात नसलेले एक काम केले. गेटोतील उठावाची, जर्मनांनी न काढलेली, अशी ही एकमेव ज्ञात छायाचित्रे होत. त्यांतील डझनभर छायाचित्रांच्या प्रती अभ्यासकांना पूर्वीपासून माहीत होत्या. मूळ निगेटिव्ह मात्र तो १९९३ मध्ये निवर्तल्यानंतरही घरातच पडून होती. २०२२ च्या अखेरीस त्याच्या मुलाला ती वडिलांच्या ठेव्यात सापडली. तिच्यात ४८ चौकटी आहेत. त्यांपैकी ३३ गेटोतील. वॉर्सातील पोलिन या यहुदी इतिहासाच्या संग्रहालयाने एप्रिल २०२३ मध्ये, उठावाच्या ८० व्या स्मरणवर्षी, ती छायाचित्रे प्रदर्शनात मांडली.

कलेच्या नेहमीच्या मापाने मोजली तर ती कच्ची ठरतील. कित्येक अस्पष्ट आहेत. घाईने, आडोशाने काढलेली आहेत. कुठे खिडकीची चौकट मध्ये आली आहे, कुठे भिंतीचा तुकडा, कुठे पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ. एखाद्या छायाचित्रकला मंडळाच्या स्पर्धेत परीक्षकाने ती पहिल्याच फेरीत बाजूला काढली असती.

पण ती खिडकी जर कापून टाकली, तर उरते काय? उरतो धूर आणि जळकी घरे. खिडकी जागेवर ठेवली की छायाचित्र बोलू लागते. येथे एक माणूस उभा आहे, त्याला येथे उभे राहण्याची परवानगी आहे, पण पाहण्याची नाही, आणि तरीही तो पाहतो आहे, हे ती खिडकी सांगते. यहुद्यांना रस्त्यावरून आगगाडीच्या तळाकडे नेले जात असल्याचे दृश्य या फिल्मवर आहे. ते स्पष्ट नाही. परंतु त्या अस्पष्टपणातच काढणाऱ्याचे भय नोंदले गेले आहे. आम्हांला वाटते, तंत्रातला दोष येथे साक्षीचा भाग झाला आहे.

या उलट उदाहरण जगाला चांगले परिचित आहे. हात वर केलेला, टोपी घातलेला लहान मुलगा आणि त्याच्या मागे बंदूक रोखलेला सैनिक, हे छायाचित्र आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. ते नीट, रेखीव आणि मन हेलावणारे आहे. मात्र ते आले कोठून? उठाव चिरडणाऱ्या युर्गेन श्ट्रोप या अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठांना सादर केलेल्या विजयाच्या अहवालातून. ते छायाचित्र पाहून आम्ही हळहळतो, तेव्हा मारेकऱ्याच्या शेजारी उभे राहूनच पाहत असतो. पुढे हाच अहवाल न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा ठरला आणि १९५२ मध्ये श्ट्रोपला वॉर्सातच फाशी झाली. पण म्हणून त्या कॅमेऱ्याची जागा बदलत नाही.

तर मग हौशी तेवढे निर्मळ आणि सरकारी तेवढे दूषित, असा सोपा निवाडा करावा काय? तसाही करता येत नाही. हाइनरिख योस्ट हा जर्मन सैन्यातला सार्जंट हौशीच होता. १९ सप्टेंबर १९४१ रोजी, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, तो कॅमेरा घेऊन याच गेटोत फिरला आणि त्याने शंभराहून अधिक छायाचित्रे काढली. ती स्वच्छ आहेत, चेहरे थेट समोर आहेत. मात्र त्या चेहऱ्यांसमोर शत्रूचा गणवेश उभा होता, आणि त्यांना तोंड फिरविण्याची मुभा नव्हती. चार दशके योस्टने ती छायाचित्रे लपवून ठेवली. १९८२ मध्ये एका पत्रकाराच्या हाती दिली. ती मोलाची आहेत यात शंका नाही. तथापि हौशीपणा हा आपोआप सद्गुण ठरत नाही, हे त्यांवरून कळते.

ग्झिवाचेव्स्कीच्या बाबतीतही भाबडेपणा नको. त्याच्या एका छायाचित्रात अग्निशामक छपरावर उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आणखी एका ठिकाणी ते रस्त्यातच जेवत आहेत. ही चित्रे पाहताना आम्ही अडखळलो. आजूबाजूला माणसे जळत असताना जेवण? परंतु पाळी लांबली की कामगाराला भूक लागतेच. ही चित्रे काढणाऱ्याने फाडली नाहीत, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. आपल्या सोबत्यांना त्याने नायक केले नाही, स्वतःलाही नाही. बाहेर आणलेल्या, उपासमारीने झोकांड्या खाणाऱ्या माणसांचे दृश्य जन्मभर आपला पिच्छा सोडणार नाही, असे त्याने आपल्या टिपणांत नमूद केले आहे. तेवढेच, वाचवल्याचा दावा नाही.

येथेच ही छायाचित्रे आम्हां ख्रिस्ती वाचकांना अवघड जातात. भिंतीबाहेर क्रासिन्स्की चौकात त्याच दिवसांत जत्रेतला चक्री पाळणा उभा होता. कवी चेस्वाव मिवोश यांनी त्यावर १९४३ मध्येच कविता लिहिली. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. या तरुणाला जखमा बांधणे शक्य झाले नसेल. पण तो न पाहता निघून गेला नाही. पाहणे ही मदत नव्हे. तरीही न पाहण्यापेक्षा ते निराळे आहे, आणि या दोहोंमधले अंतर मोजणारी ही ३३ छायाचित्रे आहेत.

शेवटी एक गोष्ट निगेटिव्हविषयी. सुट्या प्रतींत निवड असते. फिल्मच्या पट्टीवर क्रम असतो. उरलेल्या १५ चौकटी गेटोबाहेरच्या आहेत. एकाच फिल्मवर, एकाच माणसाच्या हातून, भिंतीच्या दोन्ही बाजूंचे वॉर्सा टिपले गेले आहे. त्या शहराचे याहून खरे वर्णन आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा वाचकहो, वडिलांच्या पेटीतील जुन्या निगेटिव्हची गुंडाळी टाकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरा. आणि मध्ये कोणाची पाठ किंवा खिडकीची चौकट आली असेल, तर ती कापू नका.