दूरस्थ उमेदवारी आणि वारशाचा सांभाळ

जुन्या कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ म्हणजे पगाराविना कारकुनाच्या हाताखाली काम शिकणारा होतकरू मनुष्य. त्याच्या स्थितीत अन्याय होता हे खरे; परंतु त्याची चूक दाखविणारा जाणता मनुष्य शेजारी असे, आणि ज्याचे त्या चुकीने नुकसान व्हावयाचे तो पक्षकारही पुष्कळदा समोर उभा असे. महाजालाच्या द्वारे चालणाऱ्या आजच्या विद्यार्थी-उमेदवारीचे मूल्यमापन करताना हा दुहेरी संबंध लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००९ साली अशी एक योजना सुरू केली. पुढे इतर संघीय खात्यांची कामेही तीत आली आणि योजनेच्या नावातील ‘परराष्ट्र’ या शब्दाची जागा ‘संघीय’ या शब्दाने घेतली. सप्टेंबर ते मे या काळात आठवड्यास सुमारे दहा तास, घरबसल्या आणि विनावेतन, असे या उमेदवारीचे स्वरूप होते. तिचा एक प्रकार म्हणजे नैसर्गिक व सांस्कृतिक संपत्तीच्या सांभाळास साह्य करणे. ही जोडी तेथे जुनी आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या १९१६ च्या कायद्यानेच निसर्गदृश्ये, वन्य जीव आणि ऐतिहासिक वस्तू एकाच विश्वस्ताच्या स्वाधीन केल्या.

जो वारसा पाहिलाही नाही त्याचा सांभाळ दुरून कसा करावा, हा आक्षेप सहज सुचणारा आहे. परंतु तो पुरेसा नाही. टांझानियातील सेरेंगेटी येथे १,१२५ चौरस किलोमीटर क्षेत्रात संशोधकांनी २२५ स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील प्राणी ओळखण्याचे काम २८,००० हून अधिक स्वयंसेवकांनी महाजालावरून केले. निवडक छायाचित्रांवर तज्ज्ञांच्या निर्णयांशी ताडून पाहता प्राण्यांची जात ठरविण्यात त्यांचा एकत्रित निर्णय ९६.६ टक्के आणि संख्या मोजण्यात ९० टक्के अचूक ठरला, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. हे स्वयंसेवक नेमलेले उमेदवार नव्हते. तथापि केवळ अंतरामुळे काम निकृष्ट होत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

मात्र या यशाचे कारण नीट पाहिले पाहिजे. येथे प्रश्न मर्यादित होता, एकच छायाचित्र अनेकांनी स्वतंत्रपणे पाहिले होते, आणि उत्तराची सत्यता पाहणाराच्या मतावर अवलंबून नव्हती. झेब्र्यास कोणी हरिण म्हटले तर इतरांच्या निर्णयाने ती चूक झाकली जाते. झेब्र्याचे त्यात काही बिघडत नाही.

सांस्कृतिक संपत्तीची गोष्ट अशी नाही. अमेरिकेतील मूळनिवासी जमातींच्या पूर्वजांचे अवशेष व पवित्र वस्तू संघीय खात्यांच्या आणि संग्रहालयांच्या ताब्यात होत्या. त्या परत करण्यासाठी १९९० साली कायदा झाला. त्याने अवशेषांच्या याद्या करण्याचे बंधन घातले आणि त्या संबंधित जमातींशी विचारविनिमय करून कराव्यात असे ठरविले. जानेवारी २०२४ पासून अंमलात आलेल्या नियमांनी जमातींच्या पारंपरिक ज्ञानास अधिक मान दिला, आणि अशा वस्तूंचे प्रदर्शन वा अभ्यास करण्यापूर्वी त्यांची संमती आवश्यक केली. म्हणजे येथे यादी हा सांभाळाचा केवळ कागदी भाग राहत नाही. ती न्यायाचा भाग होते. एखाद्या वस्तूस ‘भांडे’ म्हणावे की ‘पूजेचे पात्र’, हे पंचवीस विद्यार्थ्यांचे एकमत ठरवू शकत नाही. ज्यांची ती वस्तू, त्यांनाच ते विचारावे लागते. आणि नोंद चुकली तर हानीही त्यांचीच होते.

तेव्हा दूरस्थ उमेदवारीचा खरा दोष अंतरात नसून उत्तरदायित्वाच्या अभावात आहे, आणि ‘नैसर्गिक व सांस्कृतिक’ या सोयीच्या जोडशब्दाने तो झाकला जातो. छायाचित्रे वेगळी काढणे, जुनी हस्तलिखिते टंकित करणे, नकाशातील स्थळे जुळविणे ही कामे विद्यार्थ्याने दुरून अवश्य करावीत. मूळ साधनाशी ताडून ती तपासता येतात. वर्णनाचे आणि अर्थनिर्णयाचे काम द्यावयाचे असेल, तर जाणत्या मार्गदर्शकाबरोबरच त्या वारशाच्या धन्यांशीही त्याचा संवाद घडविला पाहिजे. ज्या दूरध्वनी-चित्राने विद्यार्थी अधिकाऱ्यास भेटतो, त्यानेच तो त्यांनाही भेटू शकेल. उणीव साधनाची नाही, योजनेची आहे. विद्यार्थी मे महिन्यात मोकळा होतो. त्याने केलेली नोंद मात्र दप्तरात राहते आणि पुढील अभ्यासक तिलाच प्रमाण मानून चालतो.