विलायतेतील परदेशी झाडे

केळ, कर्दळ, अळू, एरंड आणि सोनटक्का ही पाच नावे एका दमात घेतली की, आपल्याकडील कोणासही न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले परस आठवेल. इंग्लंडात मात्र ही सारी मंडळी दूरदेशीची नवलाई म्हणून मिरवतात. ख्रिस्तोफर लॉइड या बागकामावरील नामांकित लेखकाने १९९३ साली ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर या आपल्या वडिलोपार्जित घरची गुलाबबाग उपटून टाकली आणि तिच्या जागी केळी-कर्दळींचे रान उठविले. गुलाबबागेची आखणी होती एडविन लुटियन्स यांची. नवी दिल्ली रचणारे तेच हे. जाणकारांत खळबळ उडाली यात नवल नाही. गुलाब काढलेल्या जमिनीत पुन्हा गुलाब नीट धरत नाहीत, हे त्या कृत्यामागचे एक साधे कारण होते. पण लॉइड यांचा मूळचा खोडकरपणाही त्यात होताच. २००६ साली ते निवर्तले. या विषयावरील त्यांचे अपुरे पुस्तक मित्रांनी पुरे केले व ते २००७ साली निघाले.

या पुस्तकाशेजारी आम्ही दुसरे एक जुने पुस्तक ठेवू इच्छितो. ऑस्गुड मॅकेन्झी यांचे 'अ हंड्रेड इयर्स इन द हायलँड्स' हे १९२१ चे. हे वस्तुतः बागेचे पुस्तक नव्हे. चुलत्यांच्या हस्तलिखित आठवणी, शिकारीचे लांबलचक हिशेब, गावगप्पा यांनी ते भरलेले आहे आणि शिकारीची पाने वाचताना आजच्या वाचकाचा जीव गुदमरतो. बागेची हकीकत त्यात थोडी. पण जेवढी आहे तेवढी अस्सल आहे.

मॅकेन्झी यांच्या आईने १८६२ साली स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील इन्व्हर्यू येथील जमीन घेतली. अक्षांश मॉस्कोच्याही उत्तरेचा. खडकावर पातळसा काळा पीटचा थर, बारमाही पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा; झाड म्हणावे असे काही जवळजवळ नव्हतेच. आज तेथे टास्मानियातील वृक्षनेचे, चिलीतील तांबड्या फुलांची झाडे, ऑस्ट्रेलियाचे निलगिरी आणि हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉन उभे आहेत. प्रवासी पुस्तिका याचे सर्व श्रेय अटलांटिकातील उष्ण प्रवाहास देऊन मोकळ्या होतात. आम्हांस हे पटत नाही. तो प्रवाह मॅकेन्झी यांच्या जन्माआधीही तेथून वाहतच होता, आणि टेकडी उघडी होती. हिवाळा सौम्य ठेवण्याचे काम प्रवाहाचे खरे; पण वाऱ्याचे काय? मॅकेन्झी यांनी प्रथम पाइनचे दाट कुंपण लावले आणि ते वाढेपर्यंत पंधरा-वीस वर्षे वाट पाहिली. माती पाठीवरच्या टोपल्यांनी वाहून आणविली. नवलाईची झाडे आली ती यानंतर. आमच्या मते त्या बागेतील खरे कर्तृत्व या वाट पाहण्यात आहे, आणि लेखकाने त्याचा डांगोरा पिटलेला नाही.

थंड व ओल्या हवेत परदेशी झाड थंडीने मरते ही समजूत अर्धीच खरी आहे. पुष्कळदा ते मरते ओलीने. कोरड्या डोंगरावर कडक थंडी सोसणारी घायपातीची जात हिवाळ्यातील चिखलात मुळाशी कुजते. केळीच्या पानाच्या वारा चिंध्या करतो. म्हणून निवडीस महत्त्व आहे. सिक्कीमच्या उंच डोंगरांत, जेथून जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात ऱ्होडोडेंड्रॉनचे बी नेले, तेथे धुके, पाऊस आणि गारवा सोबतीनेच नांदतात. ते झाड आपल्याच देशातले, पण मडगावच्या अंगणात लावल्यास जगणार नाही. स्कॉटलंडात मात्र ते सुखाने फुलते. मग परके कोण? उलट काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला, आणि गोव्यात त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही.

मॅकेन्झी यांनी पाहुण्यांना बिऱ्हाड दिले. लॉइड यांनी त्यांना एका हंगामापुरते रंगभूमीवर आणले. डिक्स्टरच्या त्या बागेचा बहर उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या पहिल्या तडाख्यापर्यंत. नंतर कोणते कंद उकरून कोरड्या जागी ठेवायचे, कोणती झाडे काचघरात न्यायची, केळीच्या खोडास काय गुंडाळायचे, याचीच धांदल. पाउलोनियासारखा चांगला चिवट वृक्षही अशा बागांतून दरसाल बुंध्यापाशी छाटतात, कारण हवे असते ते त्याचे थोराड पान. म्हणजे येथे परदेशीपणा ही जन्मगावाची गोष्ट नसून रूपाची आहे. यास ढोंग म्हणणारे टीकाकार आहेत. आम्ही म्हणणार नाही. नाटकातील राजा राजा नसतो हे प्रेक्षकास ठाऊक असते. आमची तक्रार वेगळी आहे. या नाटकामागे कुशल माळ्यांचा ताफा आणि आच्छादनाखालील जागा लागते. ज्याच्याजवळ दोन हात आणि एक ओटा आहे, त्याने या उत्साहाच्या किती आहारी जावे?

तरीही लॉइड यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती लहान नाही. त्यांचे बहुतेक पाहुणे हिवाळ्यात हाताखाली असतात. कायमचे बिऱ्हाड दिलेल्यांपैकी काही मात्र घरमालक होऊन बसतात. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये आणलेल्या पाँटिकम ऱ्होडोडेंड्रॉनने पश्चिम किनाऱ्यावरील ओल्या ओकवनांत इतकी दाट सावली धरली आहे की, खाली शेवाळ व रोपटी उरत नाहीत. छत्रीएवढ्या पानांची गनेरा ही तर ओल्या बागांची शान. टिंक्टोरिया या तिच्या जातीवर बंदी आलीच होती. पुढे तपासणीत असे दिसले की, मॅनिकाटा या निर्धोक नावाने बागोबाग विकली गेलेली झाडे तिचीच संकरित संतती आहेत, आणि बंदी त्यांनाही लागू झाली.

हे संकट लॉइड किंवा मॅकेन्झी यांच्या पुस्तकांत शोधू नये. मॅकेन्झी तर ते कळण्याआधी लिहीत होते. पण आज त्यांची शिफारस करणाऱ्याने ते सांगितले पाहिजे. एकच वाचावयाचे तर आम्ही मॅकेन्झी सुचवू, शिकारीची पाने उलटून टाकण्याच्या अटीवर. लॉइड यांचे पुस्तक ज्यांच्या हाती येईल त्यांनी त्यातील अळू व एरंड यांवरचा मजकूर अवश्य पाहावा. ज्या पानाचे आपण फदफदे करतो त्याकडे कोणी असे टक लावून पाहिले आहे, याची गंमत काही औरच आहे.