लपलेल्यांची लय

दिवाळी अंकात समीक्षा म्हणून एका व्हिडिओ गेमचे परीक्षण यावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांनी हातातली चकली संपेपर्यंत तरी थांबावे, एवढीच विनंती. कलाकृती शब्दांची आहे, रंगांची आहे की पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती आपल्या पाहण्याचे काय करते, हे आधी तपासावे. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ, आणि त्याहूनही त्यात जागोजागी लपून बसलेली चिमुकली मंडळी, या तपासणीला उभी करावी असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

कथा फार मोठी नाही. लिंक नावाचा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो, तेव्हा हायरूलचे राज्य उजाड झालेले असते. राजकन्येने वाड्यात एका दुष्ट शक्तीला थोपवून धरलेले आहे, तिला सोडवायचे. राजपुत्र-राक्षसाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना यात नवे काही नाही. दिग्दर्शक फुजिबायाशी आणि निर्माते आओनुमा यांनी नवे केले ते असे, की आरंभीचे पठार ओलांडल्यावर खेळणाऱ्याला कुठेही जाण्याची मुभा दिली. डोंगर दिसला की चढा, नदी दिसली की उडी घ्या. राजकन्या शंभर वर्षे थांबली आहे, आणखी थोडी थांबेल!

या मोकळ्या मुलखात ९०० कोरोक लपलेले आहेत. कोरोक म्हणजे लाकडी अंगाचा, वीतभर उंचीचा, तोंडावर पानाचा मुखवटा लावलेला वनवासी जीव. या मालिकेत ही जमात प्रथम आली ती २००२ च्या ‘द विंड वेकर’मध्ये. तो सापडला की ‘याहाहा!’ असे ओरडून हसतो आणि एक बी हातावर ठेवतो. त्या बिया हेस्तू नावाच्या दांडग्या कोरोककडे न्यायच्या. तो दोन्ही हातांत खुळखुळे घेऊन नाचतो आणि लिंकच्या पोतडीत शस्त्रांना जागा वाढवून देतो.

आता हे लपतात कुठे, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या लपंडावात भिडू कशाच्या तरी आड जातो: पलंगाखाली, पिंपामागे, आजीच्या लुगड्याआड. कोरोक असे आडोसे क्वचितच शोधतो. माळावर दगडांचे एक वर्तुळ असते आणि त्यात एकाच दगडाची जागा रिकामी असते. जवळपास पडलेला दगड उचलून तिथे ठेवला की ‘याहाहा!’ दगडी मूर्तींची रांग असते. प्रत्येकीपुढच्या वाडग्यात सफरचंद असते, एकीपुढे मात्र नसते. तिला नैवेद्य दाखवायचा. तीन झाडे अगदी सारखी असतात, पण एखाद्यावर एक फळ जास्त लागलेले असते. तळ्यात कमळाच्या पानांचे कडे असते, इतके नेटके की निसर्गाने सहज केले असेल यावर विश्वास बसू नये. त्यात वरून उडी घ्यायची.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. वर्गात ती शिकताना माझ्यासारख्या अनेकांना रुक्ष वाटली असतील. कोरोक शोधताना मात्र त्यांचा प्रत्यय येतो. हा जीव लयीच्या भंगात लपलेला आहे. रांगेतला संवाद जिथे चुकतो, समतोल जिथे किंचित कलतो, तिथे तो असतो. त्याला शोधण्यासाठी तीक्ष्ण डोळे पुरत नाहीत. समोरच्या दृश्यात काहीतरी खटकते आहे, हे आधी जाणवावे लागते. रांगोळीत एक ठिपका सुटला तर आईच्या नजरेला तो लांबून कळतो, ती ही नजर. सात-आठ वर्षांच्या मुलाला कोणताही सिद्धांत न सांगता हा खेळ ती देतो. म्हणून मी त्याला कलाकृती म्हणतो, आणि या शब्दाला हरकत घेणाऱ्यांशी वाद घालायला तयार आहे.

आणखी एक प्रकार आहे तो दिसायला अगदी सामान्य. उंच कड्यावर, सुळक्याच्या टोकावर एक धोंडा नुसता पडलेला असतो. तो उचलला की खाली कोरोक. इथे कोडे कसलेच नाही. पण तुम्ही त्या टोकावर का चढलात? कोणी सांगितले नव्हते, कथेला त्याची गरज नव्हती. वरून कसे दिसते एवढेच पाहायचे होते. आणि तिथे कोणीतरी आधीच येऊन गेले आहे, तुम्ही याल हे ओळखून काहीतरी ठेवून गेले आहे, हे त्या हसण्यातून कळते. पठारावरच्या काळमंदिराच्या शिखरावर असाच एक बसलेला आहे. निर्जन जागी मिळालेली ती कर्त्याची भेट असते. या भेटीची परंपराही जुनी आहे. अटारी कंपनी आपल्या खेळांवर कर्त्यांची नावे छापत नसे, त्या काळात वॉरन रॉबिनेटने १९८० च्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. आत जायचे तर भिंतीच्या रंगात मिसळून गेलेला एक बारीक ठिपका शोधून उचलावा लागे. कोणा मुलाने तो शोधून कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा कुठे कंपनीला ते कळले; रॉबिनेट तोवर नोकरी सोडून गेला होता. त्या खोलीत एका माणसाचे नाव होते. इथे नाव नाही, नुसते हसू आहे, एवढाच काय तो फरक.

पण मग ९०० कशासाठी? पोतडी पूर्ण वाढवायला ४४१ बिया पुरतात. याचा अर्थ मला असा दिसतो: तुम्ही पूर्वेला जा की पश्चिमेला, वाटेत कोणीतरी भेटावे म्हणून हे दुपटीहून अधिक पेरून ठेवले आहेत. सगळे सापडावेत अशी अपेक्षाच नाही. उत्सवाच्या घरी पंगतीला पन्नास पाने होणार असली तरी स्वयंपाक शंभरांचा करतात, तसे हे आहे. शंभरांचे अन्न एकट्याने संपवणाऱ्याला कोणी रसिक म्हणणार नाही. आणि जो ९०० बिया गोळा करून आणतो, त्याला हेस्तू काय देतो? सोनेरी रंगाचा, वेटोळे घातलेला एक ढीग. तो कशाचा, हे फराळाच्या वेळी सांगत नाही. मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. त्याचा उपयोग शून्य. हेस्तू मागाल तेव्हा नाचून दाखवतो, बस्स.

ही थट्टा मला मनापासून आवडते. परंतु कर्त्यांना तिच्याशी प्रामाणिक राहता आले नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. शेवटच्या शत्रूला हरवल्यावर नकाशाच्या कोपऱ्यात टक्केवारी दिसू लागते. एक कोरोक म्हणजे ०.०८ टक्का! एका हाताने संग्राहकाची फजिती करायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्यापुढे खतावणी उघडून ठेवायची, याला काय म्हणावे? जून २०१७ मध्ये तर विकतच्या पुरवणीत एक मुखवटाही आला. तो लिंकने घातला की कोरोक जवळ असताना खडखडतो. खटकण्याचे काम नजरेकडून काढून घेऊन मुखवट्याकडे दिले. मग वर्तुळातला रिकामा दगड कोण पाहणार?

दुसरा दोष एकसुरीपणाचा. पहिला धोंडा उचलताना जे होते ते शंभराव्याला होत नाही. तिथे लयीचा भंग ओळखीचा होऊन त्याचीच एक कंटाळवाणी लय बनते. २०२३ च्या पुढच्या भागात, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये, बियांचा आकडा १००० वर नेला. त्यात एक नवा प्रकार आहे: पाठीवर भलेमोठे गाठोडे घेतलेला कोरोक रस्त्यातच उताणा पडलेला असतो आणि मला माझ्या मित्राकडे पोचवा म्हणतो. विनोद चांगला आहे, खेळणाऱ्यांनी त्या बापड्याला अग्निबाणांना बांधून उडवले तेव्हा मीही हसलो. पण त्यात शोधणे उरले नाही, हमाली आली.

माझी नात आणि तिचा मामेभाऊ दोघेही हा खेळ खेळतात. त्याने सगळ्या जागांची छापील यादी मिळवली असून तो सापडलेल्यावर खूण करत जातो. नातीजवळ यादी नाही. मुखवट्याच्याच पुरवणीत एक सोय आहे: गेल्या २०० तासांत लिंक कुठून कुठे गेला, त्याची रेषा नकाशावर उमटते. सुटीत दोघांच्या रेषा मी एकापुढे एक पाहिल्या. त्याची रेषा मोजणीदाराने साखळी टाकावी तशी, ठिकाणाहून ठिकाणी सरळ गेलेली. बिया त्याच्याकडे तिच्या तिपटीने जास्त. तिची रेषा गुंतवळ्यासारखी. एका तळ्याभोवती तर तिने चार फेऱ्या घातल्या होत्या. तिथे कोरोक होता का, असे मी विचारले. नव्हता, म्हणाली; पण कमळाची पाने सारखी वाटत नव्हती.